आलेखाच्या कागदावरचे शेत

छत्तीस वर्षे मुलांस गणित शिकविल्यावर, आपण जन्मभर बरोबरीच्या चिन्हाचेच दास्य करीत आलो, हे आम्हांस सेवानिवृत्तीनंतर आणि तेही बारावीत शिकणाऱ्या एका मुलीकडून कळावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत. पुढे जे काही मिळविले ते संस्कृताच्या पाठांतरातून. उत्तर एकच असावे आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेले असावे, अशी आमची गणिताविषयी श्रद्धा. संसारात मात्र बरोबरीचे प्रसंग थोडे. तेथे 'इतक्याहून अधिक नको' आणि 'इतक्याहून कमी चालणार नाही' याच भाषेत सारा व्यवहार होतो. गेल्या वैशाखात आमच्या घरी जे घडले, ते वाचकांपुढे ठेवतो. कदाचित त्यांच्याही घरी उपयोगी पडेल.

वरणगावास आमची आठ एकर काळी जमीन आहे, एक विहीर आहे आणि अद्याप चूल एकच आहे. आमचे ज्येष्ठ बंधू दादा यांचे मत असे की, आठही एकरांत कापूसच लावावा. कापसाने आजवर पोसले, पुढेही पोसेल. पुतण्याचे म्हणणे, सहा एकर केळी आणि दोन एकर कापूस. तापीकाठच्या या मुलुखात केळीने माणसे वर आलेली त्याने पाहिली आहेत. त्याचाही दोष नाही. प्रथम जेवताना बोलणे झाले, मग जेवताना बोलणे बंद झाले, आणि एके रात्री ओटीवरून 'वाटणी' हा शब्द आमच्या कानी आला. आमच्या वडिलांच्या हयातीत जो शब्द या घरात कोणी उच्चारला नव्हता, तो ऐकून आम्हांस झोप लागली नाही.

दुसरे दिवशी सकाळी पुतण्याची मुलगी चौकटीचा कागद घेऊन आमच्याजवळ बसली. तिच्या पुस्तकात असमतांचे आलेख होते. म्हणाली, "आबा, आपलेच शेत यावर काढू." आम्ही आकडे सांगत गेलो, ती मांडीत गेली. केळीचे एकर 'क', कापसाचे 'प'. जमीन आठ एकर, म्हणून क + प ≤ ८. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आम्ही वीस भाग धरले. केळीस एकरी चार भाग लागतात आणि मेअखेर लावलेल्या बागायती कापसास एक, म्हणून ४क + प ≤ २०. शिवाय उणे एकर कोणी पेरीत नाही. सबब क व प शून्याहून कमी नाहीत.

समीकरणाचे उत्तर आलेखावर रेषा असते. असमतेचे उत्तर रेषेच्या एका अंगाचा अवघा प्रदेश असतो. ते अंग कोणते, हे ओळखण्याची युक्ती सोपी. रेषेबाहेरचा एखादा बिंदू, बहुधा शून्य-शून्य, घालून पाहावा. विधान खरे ठरले तर ते अंग आपले. दोन्ही असमतांची अंगे मुलीने पेन्सिलीने रंगविली, तेव्हा जेथे दोन्ही रंग एकावर एक आले, तो चार कोनांचा तुकडा हेच आमचे शक्य शेत. पुतण्याच्या सहा आणि दोन एकरांस पाण्याचे सव्वीस भाग लागत होते. त्याचा बिंदू रंगाबाहेर पडला. दादांचा बिंदू आत होता, पण अगदी एका टोकास.

आता लाभ. एकरी केळीस ऐंशी हजार आणि कापसास पंचवीस हजार उरतील, असा घरचा अंदाज. समान लाभाच्या जागा जोडणारी रेषा म्हणून पट्टी ठेवली आणि तिचा कल न बदलता ती सरकवीत नेली. शक्य प्रदेश सोडताना पट्टी शेवटी कोपऱ्यालाच स्पर्श करते. म्हणून कोपरे तपासले की पुरे. सारा कापूस लावल्यास दोन लाख. पाच एकर केळीच लावल्यास चार लाख. चार एकर केळी आणि चार एकर कापूस लावल्यास चार लाख वीस हजार. भांडणारे दोघेही ज्याचे नाव घेत नव्हते, तो कोपरा सर्वांत सरस निघाला!

या विद्येचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. < आणि > ही चिन्हे इंग्लंडातील टॉमस हॅरियट याच्या ग्रंथातून, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ साली, जगापुढे आली. मर्यादांच्या आत राहून उत्तम कोपरा शोधण्याचे शास्त्र रशियात कान्टोरोविच यांनी १९३९ साली कारखान्याच्या कामासाठी मांडले, आणि अमेरिकेत डान्झिग यांनी १९४७ साली त्यास सर्वत्र चालणारी रीत दिली. बीजगणित मात्र आपल्या खानदेशास नवे नाही. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, याची साक्ष इ. स. १२०७ चा शिलालेख देतो. आचार्य अज्ञात राशीस 'यावत्तावत्' म्हणत, जितके, तितके. त्या शब्दातच मर्यादेचा ध्वनी आहे असे आम्हांस वाटते.

सायंकाळी कागद माजघरात मांडला. दादा बराच वेळ पाहत राहिले. पुतण्याने पाण्याचे भाग दोनदा मोजले आणि मान खाली घातली. आम्हांस थोडा अभिमान झाला, हे कबूल केले पाहिजे. तोच वहिनी दारातून म्हणाल्या, "भावजी, या कागदावर माझे गुडघे कोठे आहेत?"

कोणी काही बोलले नाही. कापूस वेचण्यास बाया जमविणे, त्यांचा चहा, वजन, रोजची मजुरी, हे सारे गेली तीस वर्षे वहिनी पाहतात. वेचणीस माणसे मिळणे आता किती कठीण झाले आहे, हे शेतकरी वाचकांस सांगावयास नको. त्यांच्या कष्टांस आम्ही कधी राशी मानलेच नव्हते. ते शून्य धरूनच आमचे गणित सुटत आले होते. आम्ही विचारले, "किती एकरांचे झेपेल?" त्या म्हणाल्या, "तीन. त्याहून अधिक नाही."

मुलीने लगेच तिसरी रेषा ओढली: प ≤ ३. नवा कोपरा आला सव्वाचार एकर केळी आणि तीन एकर कापूस. पाणी बरोबर वीस भाग, लाभ चार लाख पंधरा हजार. म्हणजे वहिनींच्या गुडघ्यांस आराम देण्याची किंमत पाच हजार रुपये! एवढ्या रकमेसाठी आपण त्यांना न विचारता राबविणार होतो, या विचाराने आम्हां दोघा भावांस मान वर करवेना. पाऊण एकर शिल्लक राहिली. तीत जमिनीच्या ओलीवर येणारी दादर घ्यावी, विहिरीचे पाणी मागत नाही आणि घरची भाकर होते, हेही वहिनींनीच सुचविले.

आलेखास भाव पडल्याचे कळत नाही, वादळाने बाग आडवी झाल्याचे कळत नाही; आकडे चुकले तर कोपराही चुकतो. आम्ही त्यास वेदवाक्य मानीत नाही. पण प्रत्येकाने आपली मर्यादा कागदावर लिहावी, एवढा धडा त्याने दिला. 'मर्यादा' हा शब्द आम्ही आजवर मुलासुनांस धाक घालण्यासाठीच वापरला. ती दुसऱ्याची असते आणि ती विचारावयाची असते, हे उशिरा समजले.

जूनमध्ये ठरल्याप्रमाणे लागवड झाली. वाटणीचा शब्द त्यानंतर निघाला नाही. कागद माजघराच्या भिंतीवर आहे, आणि वहिनींची ती तिसरी रेषा मुलीने लाल शाईने ठळक केली आहे.