झोपलेल्या बुद्धाच्या वाटेवर सातजण

आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या भिंतीवर एक जुने कॅलेंडर आहे. त्याचे वर्ष केव्हाच संपले, पण चित्र चांगले म्हणून ते कुणी उतरवले नाही. चित्रात बर्फाच्या डोंगरांची लांब रांग आहे. नीट पाहिले की त्या रांगेत उताणा झोपलेला माणूस दिसू लागतो. कपाळ, नाक, हनुवटी, छाती आणि पार शेवटी पाय. दार्जिलिंगकडचे लोक या रांगेला ‘झोपलेला बुद्ध’ म्हणतात. आमच्यातील एकजण बेस्टमध्ये कंडक्टर आहे. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. वंदनेनंतर सतरंज्या गुंडाळताना तो दर वेळी त्या चित्रापुढे थांबायचा. एके दिवशी म्हणाला, “हे एकदा डोळ्यांनी पाहायचं.”

त्यातून आमची भिशी सुरू झाली. महिन्याला माणशी १००० रुपये, असे पंधरा महिने. दादा, एक पोस्टमन, महापालिका शाळेतले दोन शिक्षक, एक सिस्टर, एक शिलाईकाम करणारी ताई आणि बँकेतला एक शिपाई, असे आम्ही सातजण नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालो. पाठीवरच्या पिशव्या कुणाकुणाकडून मागून घेतल्या होत्या. बूट मात्र प्रत्येकाने स्वतःचे घेतले आणि महिनाभर आधीपासून घालून कामावर गेलो. नवे बूट डोंगरात घातले तर पायाला फोड येतात, हे आधीच ऐकले होते.

कुर्ल्याहून न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वेचा दोन दिवसांचा प्रवास, आणि पुढे जीपने चहाच्या मळ्यांतून वर चढत मानेभंज्यांग हे गाव. इथूनच सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाची पायवाट सुरू होते. १९८६ साली हे जंगल अभयारण्य झाले आणि १९९२ साली राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे ७८ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठे नव्हे. पण ते भारत-नेपाळ सीमेच्या डोंगरधारेवर लांबलचक पसरले आहे. गावात ओळखपत्र दाखवून परवाना घ्यावा लागतो आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. आमच्या वाटाड्याला आम्ही ‘दाजू’ म्हणू लागलो. नेपाळी भाषेत दाजू म्हणजे थोरला भाऊ.

पहिल्या दिवशीची चित्रे गावापर्यंतची चढण छोटी, पण दम काढणारी होती. तिथे गुंफा आहे. ‘गुंफा’ हा शब्द ऐकून आम्हाला लेणी वाटली. पण इकडे गुंफा म्हणजे बौद्ध विहार. वाटेवर स्तूपाच्या आकाराची छोटी चैत्ये आणि तिबेटी अक्षरे कोरलेल्या दगडांच्या भिंती लागतात. त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे, असे दाजूने शिकवले. कान्हेरीच्या स्तूपाला आपण प्रदक्षिणा घालतो ती अशीच. इकडचा बौद्ध धम्म आपल्यापेक्षा वेगळा दिसतो. लोण्याचे दिवे, फिरती चक्रे, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पाच रंगांच्या पताका. आपल्या विहारात यातले काही नाही. तरी आतली मूर्ती पाहिली तेव्हा परक्या घरी आल्यासारखे वाटले नाही. शिलाईवाल्या ताईने त्रिसरण म्हटले, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आजींनी मान वर करून हात जोडले. शब्द दोघींना ओळखीचे होते, चाल तेवढी निराळी.

याच चढणीवर एक वृद्ध गृहस्थ आम्हाला मागे टाकून पुढे गेले. त्यांच्या पाठीवर भरलेला गॅस सिलिंडर होता, आणि त्याचा सगळा भार कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यावर होता. या पट्ट्याला इकडे ‘नाम्लो’ म्हणतात. आमच्यातील दोघांचे वडील मुंबईच्या बाजारात माथाडी होते. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा. महाराष्ट्रात १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला, तेव्हा कुठे त्या घामाची नोंद वहीत होऊ लागली. आपली पिशवी हमालाला द्यावी का, अशी कुजबुज सकाळी आमच्यात झाली होती. काम दिले तर त्याला रोजगार मिळतो, हेही खरेच. पण आम्ही आपापले आठ-नऊ किलो स्वतःच उचलायचे ठरवले, आणि त्या गृहस्थांना पाहिल्यावर पुन्हा कुणी खांदा दुखतो म्हणून तक्रार केली नाही.

तुम्लिंगला रात्रीचा मुक्काम झाला. हे गाव नेपाळात येते. वाट कधी इकडच्या देशात तर कधी तिकडच्या, आणि मध्ये फक्त दगडी खांब. आपल्याला व्हिसा लागत नाही. तिथल्या घरमालकीण दिदीने गरम थुक्पा वाढला आणि पाहुणचार म्हणून कोदोची तोंबा पुढे केली. ती दारू आहे हे कळल्यावर आम्ही पंचशील सांगून नम्रपणे नाही म्हटले. दिदी हसली आणि चहा आणला. डोंगर पाहायचा म्हणून पहाटे उठलो तर सगळीकडे धुके. दादा म्हणाला, “काही नाही, वर गेल्यावर दिसेल.”

दुसऱ्या दिवशी उद्यानाच्या फाटकातून आत शिरलो. गैरीबासपर्यंत उतार आणि मग पुन्हा चढ. बांबूची दाट बने, शेवाळाने मढलेले ओक, आणि गुरांसची झाडे. एप्रिल-मेमध्ये ही झाडे तांबड्या-गुलाबी फुलांनी भरून जातात. आम्हाला फक्त पाने पाहायला मिळाली. बांबूची पाने खाणारा लाल पांडा याच जंगलात राहतो. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात वाढवलेल्या दोन माद्या २००३ साली इथे सोडल्या होत्या. आमच्या नजरेस एकही पांडा पडला नाही. मास्तर म्हणाले, “आपण सातजण इतके बोलतोय, तो कशाला येईल?”

संध्याकाळी कालापोखरी गाठले. पोखरी म्हणजे तळे. काळ्या पाण्याचे लहानसे तळे, भोवती पताका आणि हाडे गोठवणारा वारा. त्या रात्री दादा जेवला नाही. विचारले तर म्हणाला, “भूक नाही.” डोके ठणकत होते, हे मात्र त्याने लपवले. आपल्यामुळे सगळ्यांचा बेत बिघडेल, असे त्याला वाटले.

तिसऱ्या दिवशी वाटेत बिखेभंज्यांग लागले. बिख म्हणजे आपला बचनाग, विषारी वनस्पती. तिथून सांदकफूची खडी चढण सुरू होते. सांदकफूची उंची ३६३६ मीटर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे हे दुपटीपेक्षा जास्त. इथून झोपलेला बुद्ध दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर एव्हरेस्टही दिसतो. पण आम्ही पोचलो तेव्हा ढगांनी सगळे झाकले होते. दादा वर येताच एका दगडावर बसला आणि ओकू लागला. उठून चालताना त्याचा तोल जात होता.

सिस्टरने त्याला तपासले आणि दाजूकडे पाहिले. दोघांचे मत एकच झाले. उंचीवर हवा विरळ असते, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही पहिली खूण. तेव्हाच थांबायचे असते, वर चढायचे नसते. तोल जाऊ लागला की उजाडण्याची वाट पाहायची नाही, लगेच खाली उतरायचे. गोळी देऊन रात्र काढू म्हणणे म्हणजे जिवाशी खेळ.

मग वाद झाला. खोटे कशाला सांगावे, आमच्यातील दोघांचे म्हणणे होते की सिस्टर आणि दाजूने दादाला न्यावे, बाकीच्यांनी रात्र इथे काढून पहाटे दर्शन घ्यावे आणि पुढे फालुटला जावे. पंधरा महिने पैसे साठवले होते, पुन्हा येणे कुणाला जमणार? दादा स्वतःही तेच म्हणाला. “तुम्ही थांबा रे. मी जातो. येऊन मला सांगा कसा दिसला ते.”

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग ताई म्हणाली, “ज्या आजारी भिक्खूकडे कुणी पाहत नव्हतं, त्याला भगवंतांनी आनंदला बरोबर घेऊन स्वतः धुतलं. आपण दर पौर्णिमेला ही गोष्ट सांगतो. आणि आजारी माणसाला खाली पाठवून आपण वर बुद्ध बघत बसायचं?” पोस्टमनने आपली पिशवी उचलली आणि दादाला म्हणाला, “तू सिंगल बेल दिलीस, गाडी थांबली. आता डबल बेलही तूच द्यायची.”

खाली जाणाऱ्या एका जीपमध्ये दादा आणि सिस्टर बसले. बाकीचे आम्ही पाचजण दाजूबरोबर कालापोखरीपर्यंत चालत उतरलो. ज्या दोघांचे मत वेगळे होते ते वाटभर गप्प होते. त्यांनाही आम्ही दोष देत नाही. गरिबाची हौस अर्ध्यावर सुटते तेव्हा दुखतेच. पण अंधार पडता पडता खोलीत शिरलो तर दादा भिंतीला टेकून चहा पीत बसला होता. पाचएकशे मीटर खाली आल्यावर त्याचे डोके उतरू लागले होते. तेव्हा त्या दोघांपैकीच एकाने आपले पांघरूण काढून त्याच्या पायांवर घातले.

पुढचा बेत रद्द झाला. दुसऱ्या दिवशी सावकाश चालत तुम्लिंगला परत आलो, त्याच दिदीकडे. पाचव्या दिवशी पहाटे दिदीने दार ठोठावले आणि फक्त एवढेच म्हणाली, “आओ.”

आम्ही सातहीजण पांघरुणांसकट बाहेर आलो. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. आधी सगळे निळसर करडे, मग कांचनजंगाच्या टोकावर एक गुलाबी ठिपका उमटला. कांचनजंगा ८५८६ मीटर उंच, जगातील तिसरे शिखर. प्रकाश खाली उतरू लागला तसा तो झोपलेला माणूस हळूहळू प्रकट झाला. डावीकडे कुंभकर्ण शिखराचे कपाळ आणि नाक, मध्ये कांचनजंगाचे उंच शरीर, उजवीकडे पांडिमच्या बाजूला पाय. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती उजव्या कुशीवर आहे. हा मात्र आभाळाकडे तोंड करून पहुडलेला.

आम्हाला ठाऊक आहे की तो डोंगर आहे, दगड आणि बर्फ आहे. त्याला नवस बोलायला आम्ही गेलो नव्हतो. पण दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि कुणी त्याला काही विचारले नाही. वीसेक मिनिटांनी खालून धुके चढले आणि सगळे मिटले. एव्हरेस्ट राहिला तो राहिलाच.

ज्या बंधू-भगिनींना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ बरा. १५ जून ते १५ सप्टेंबर उद्यान बंद असते. लोकरीची टोपी, हातमोजे, रेनकोट, टॉर्च आणि ओळखपत्र विसरू नये. पाणी भरपूर प्यावे, दारूला हात लावू नये. प्लॅस्टिक परत खाली आणावे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवावा. आणि डोके दुखू लागले तर दादासारखे लपवू नये, तिथल्या तिथे सांगावे.

परत आल्यावर दादाने पहिले काम काय केले, तर विहारातील त्या कॅलेंडरची फाटलेली कड चिकटपट्टीने जोडली. भिशी पुन्हा सुरू झाली आहे. या वेळी आठजण आहोत, आणि बेत फालुटचा आहे. डबल बेल दादाच देणार आहे.