'आयटीत जात नाही' हा दावा तपासला कोणी?



मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधले दोष शोधणे, यावर माझे घर चालते. या कामाचा पहिला नियम असा की, 'चालतंय' या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. डेव्हलपर हमखास म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' असेलही, पण ते ग्राहकाच्या मशीनवर चालायला हवे. चाचणीने दोष असल्याचे दाखवता येते, दोष नसल्याचे सिद्ध करता येत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी पन्नास वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.

आता याच क्षेत्रातला लाडका दावा घ्या : 'आयटीत जात नाही, फक्त मेरिट.' मला हे सांगणारे बहुतेक सहकारी सवर्ण आहेत. म्हणजे त्यांच्या मशीनवर चालतंय! पण चाचणी कुठे आहे? संविधानाच्या कलम १६(४) मधले आरक्षण सरकारी नोकरीला आहे, खासगी कंपनीला नाही. माझ्या कंपनीत स्त्रिया किती, याचा तक्ता दरवर्षी निघतो. दलित-आदिवासी किती, हे कोणी मोजत नाही. भरतीत रेफरल चालते. ज्याच्या घरातून ऑफिसात जाणारा तोच पहिला, त्याला रेफर कोण करणार? न तपासता 'पास'चा शिक्का मारणाऱ्या टेस्टरची नोकरी जाते. इथे मात्र तो शिक्का रोज मारला जातो.

अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीय भेदभावावर कायद्याने बंदी घातली. जात सातासमुद्रापार पोहोचते आणि हिंजवडीच्या गेटवर मात्र थांबते, असे कोणाला म्हणायचे आहे का?

आमच्या टीममधल्या एका मुलाला पहिल्याच आठवड्यात आडनाव, मग गाव, मग गावातली आळी विचारली गेली. त्यानंतर त्याला जेवायला हाक येईना. तो म्हणाला, 'दादा, हे सिद्ध कसं करू?' मी म्हणालो, बग रिपोर्ट लिहितोस तसे लिही. तारीख, वेळ, हजर कोण, शब्द काय, आधी काय होते, नंतर काय बदलले.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हेच केले. १९२९ चे चाळीसगाव, १९३४ चे दौलताबाद : स्थळ, काळ, माणसे, घडले ते. म्हणूनच ते अनुभव आज कोणाला झटकून टाकता येत नाहीत.

ज्या दोषाची नोंद नाही, तो दुरुस्तीच्या यादीत कधीच येत नाही. म्हणून नोंद ठेवा. आणि कोणी 'इथे जात नाही' म्हणाले, तर शांतपणे एकच विचारा : टेस्ट रिपोर्ट दाखवा.