बिजागरी

'मोडणे' हे क्रियापद मोठे अन्यायी आहे. छत्रीची एक काडी तुटते आणि आपण म्हणतो, छत्री मोडली. खुर्चीचा एक पाय डगमगू लागतो आणि आपण म्हणतो, खुर्ची मोडली. बोलण्यापुरते हे चालून जाते. पण माणूस जसे बोलतो तसाच हळूहळू वागूही लागतो. मग एका काडीच्या अपराधासाठी सबंध छत्रीला हद्दपारी भोगावी लागते. आम्ही राहतो त्या शहराच्या तर नावातच 'नवी' आहे. सिडकोची स्थापना १९७० सालची. तिने बांधलेल्या कितीतरी इमारती आता जुन्या ठरून पाडल्या जात आहेत. 'नवी' हे विशेषण कपाळावर घेऊन म्हातारे होणे किती अवघड असते, ते वाशी-नेरुळच्या इमारतींना विचारावे!

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या दिवाळीआधी, साफसफाईच्या दिवसांत असा एक खटला आमच्या घरी उभा राहिला. आरोपी होता आमच्या मुलीचा जुना लॅपटॉप. २०१४ साली, कॉलेजात असताना तिने तो घेतला होता. २०२० च्या टाळेबंदीत तिची सारी कचेरी त्याच्यावर चालली, आणि पुण्याला बिऱ्हाड करताना ती त्याला आमच्याकडे ठेवून गेली. त्याची उजवी बिजागरी तुटून झाकण लोंबकळत होते, पडद्याला आडवी चीर पडली होती आणि बॅटरी फुगून कळफलक वर आला होता. वाशीतल्या एका दुकानदाराने तो उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, बोर्ड ठणठणीत आहे. पण नवी बॉडी, नवा पडदा, नवी बॅटरी... तेवढ्यात दुसरा सेकंडहँड येईल. भंगारात घालणार असाल तर सातशे देतो."

बोर्ड ठणठणीत आहे! हे तीन शब्द घेऊन मी घरी आलो. मेंदू शाबूत, रक्ताभिसरण शाबूत, आणि तरीही निकाल भंगाराचा. मी त्या यंत्राच्या दुखण्यांची मनाशी यादी केली, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. बिजागरी कशासाठी? मिटून पिशवीत घालता यावे म्हणून. बॅटरी कशासाठी? गाडीत, बागेत, कुठेही बसता यावे म्हणून. म्हणजे जे जे मोडले होते, ते सगळे त्याच्या प्रवासाचे साहित्य होते. त्याने भटकणे सोडून एका जागी बसायचे ठरवले, तर त्याला कसलाही आजार नव्हता.

आमच्या आईचे लुगडे विटले, फाटले, की ती ते रफू करीत बसत नसे. ती त्याची गोधडी शिवी. लुगड्याचे पुन्हा लुगडे करायचे नाही, त्याला दुसरे काम द्यायचे, एवढाच त्यातला विचार. लॅपटॉपची दुरुस्ती परवडत नव्हती. पण त्याची गोधडी करायला काय हरकत होती?

आमच्या सोसायटीचा रखवालदार साताऱ्याकडचा. मितभाषी माणूस. दिवाळी जवळ आली की इमारतीतले सारे लोक त्याला काही ना काही देतात: कान तुटलेल्या कढया, बंद पडलेले मिक्सर, उसवलेल्या बॅगा. तो सगळे निमूटपणे घेतो, आणि चार दिवसांनी भंगारवाल्याची हातगाडी फाटकाशी येते. त्याचा मुलगा पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होता. संगणकाच्या भाषेत लिहायचे धडे तो मोबाइलच्या वीतभर पडद्यावर गिरवी. मी त्याला बोलावून लॅपटॉप दाखवला. त्याने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि शांतपणे विचारले, "आजोबा, वापरायला देताय, की टाकायला?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. सोसायटीची कित्येक वर्षांची दिवाळी त्यात होती. मी म्हणालो, "तूच उघडून बघ आणि सांग."

रविवारी सकाळी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. आधी त्याने पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढली, आणि जो स्क्रू जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर नेमका तिथेच खोचून ठेवला. "लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर बोर्डाला टोचेल," तो म्हणाला. त्याच क्षणी मी स्टूल मागे ओढून प्रेक्षकाची जागा घेतली. फुगलेली बॅटरी मात्र त्याने देवघरातल्या समईसारखी दोन्ही हातांनी अलगद उचलली. लिथियमच्या बॅटरीला टोचले, दाबले, तर ती पेट घेते. तिची रवानगी आम्ही ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे केली. २०२२ च्या नियमांनी अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तरी पुष्कळसा माल हातगाडीवरूनच जातो, आणि कुठेतरी कोणीतरी तांब्यासाठी तारा जाळीत बसतो.

पंख्याच्या जाळीत कापसासारखा धुळीचा थर बसला होता. खाडीकाठच्या दमट हवेने तो चांगला घट्ट केला होता. मेंदूवरच्या चिपेला उष्णता वाहून नेण्यासाठी जो लेप लावतात, तो सहाणेवर वाळलेल्या गंधासारखा खडखडीत झाला होता. मुलाने तो पुसून मसुरीएवढा नवा लेप लावला. बिनतारी इंटरनेटचे कान असतात झाकणात, पडद्याच्या कडेने. त्यांच्या काळ्या-पांढऱ्या तारा बिजागरीतूनच खाली येतात. त्या त्याने न तोडता सोडवल्या. तुटका पडदा निघाला, झाकण निघाले, बिजागऱ्या निघाल्या. उरला एक हिरवा बोर्ड, एक पंखा आणि चालू करायची चिमुकली कळ.

आता याला बसवायचे कशावर? लाकूड हवे होते, कारण लाकडातून वीज वाहत नाही. आणि खालून वारा हवा होता. आमच्या सौभाग्यवतींची नजर चुकवून मी माळ्यावरचा एक सागवानी पाट काढला. त्याला आयते पाय होते. मुलाने पंख्याखाली भोके पाडली, पितळी खुंट्यांवर बोर्ड बसवला आणि वरून ॲक्रिलिकचा तुकडा लावला.

पडद्यासाठी आम्ही दोघे मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. त्या रस्त्याचे खरे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण तारा आणि चिपा विकत घेणारे जुन्याच नावाने तिथे पोहोचतात. एका कचेरीतून उतरलेला १९ इंची पडदा मुलाने घासाघीस करून चौदाशेला घेतला. कळफलक, माऊस आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी नवी एसएसडी धरून सारा खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला.

यंत्र सुरू झाले, आणि दोन मिनिटांत झोपी गेले. पुन्हा उठवले, पुन्हा झोपले. मुलगा बराच वेळ त्याच्याकडे टक लावून बसला. मग त्याने टेबलावर शेजारीच पडलेले जुने झाकण उचलून खाली ठेवले. झाकणात एक बारीक लोहचुंबक असतो. तो जवळ आला की यंत्राला वाटते, आपल्याला मिटले. धड वेगळे झाले तरी झाकणाचा धाक सुटला नव्हता!

ज्या विंडोजवर ते चालत होते, त्या दहाव्या आवृत्तीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता, आणि अकरावी या वयाच्या यंत्राला दारात उभे करीत नाही. म्हणून त्याच्यावर फुकट मिळणारे लिनक्स घातले. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली ते लिहायला घेतले, तेव्हा तोही फिनलंडमधला एक विद्यार्थीच होता.

पाटावरचा संगणक पाहायला इमारतीतली मंडळी आली आणि हसून गेली. हसोत. भारतात घडवलेला पहिला इलेक्ट्रॉनिक डिजिटल संगणकही मुंबईत असाच हाताने जुळवलेला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्याबरोबर तो बांधणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक हाताळलेलाही नव्हता. १९५६ साली त्यांचे प्रायोगिक यंत्र चालले, १९६० साली मोठे यंत्र कामाला लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे बारसे केले. त्याच्या स्मृतीत ४० अंशांचे २,०४८ शब्द मावत. आमच्या पाटाची स्मृती त्याच्या चार लाख पट आहे. पण ते यंत्र अणुविज्ञानाची गणिते सोडवी. आमच्या घरी एवढीच स्मृती घडी घालून माळ्यावर पडली होती.

मुलाने यंत्र खाली आपल्या खोलीत नेले. आठ दिवसांनी रखवालदार वर आला. दारातच उभा राहून त्याने खिशातून चौदा नोटा काढल्या, शंभराशंभराच्या. म्हणाला, "साहेब, पडद्याचे. बाकीचं त्यानं केलंय."

कढई घेताना तो कधी काही बोलला नव्हता, मिक्सर घेताना नव्हता. आज तो हिशेब करायला आला होता. नको नको म्हणायला माझी जीभ सरसावली होती. पण मला मुलाचा प्रश्न आठवला. त्याचे उत्तर अजून द्यायचे राहिले होते. मी नोटा मोजून घेतल्या आणि म्हणालो, "बरोबर आहेत."

तो हसला. इतक्या वर्षांत त्याला हसताना मी प्रथमच पाहिले.

यंत्र अजून चालते. मुलगा आता शेवटच्या वर्षाला आहे आणि इमारतीतले दोन 'मोडलेले' लॅपटॉप त्याच्याकडे उपचार घेत आहेत. राहता राहिला आमच्या घरचा प्रश्न. पाडव्याला ओवाळायच्या वेळी पाट एक कमी पडणार आहे, हे सौभाग्यवतींच्या ध्यानात आले आहे.