माउंटन व्ह्यू येथील गुरुवारची पंगत

गतवर्षीं धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाकडे कॅलिफोर्नियांत तीन महिने राहण्याचा योग आला. त्या प्रांतांतील समुद्राचीं व प्रचंड वृक्षांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. तीं येथें पुन्हा देत नाहीं. मला सांगावयाचें आहे तें एका दुपारच्या जेवणाविषयीं.

माउंटन व्ह्यू हें सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस आगगाडीच्या वाटेवरील एक शहर. स्टेशनासमोरच कॅस्ट्रो स्ट्रीट नांवाचा रस्ता लागतो. त्याचा कांहीं भाग मोटारींस बंद केला असून दुतर्फा उपाहारगृहें आहेत, आणि त्यांचीं टेबलें थेट रस्त्यावर मांडलेलीं असतात. एका गुरुवारीं बाराच्या सुमारास पुतण्याबरोबर मी तेथें गेलों. संगणकाच्या धंद्यांतील पंधरा-वीस माणसें जमलीं होतीं. यजमान कोणी नाहीं, आमंत्रण नाहीं, अध्यक्ष नाहीं, भाषण नाहीं. येईल त्यानें बसावें, आपलें खाणें आपण मागवावें, आपले पैसे आपण द्यावे आणि तासाभरानें उठून कामास जावें. परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांतील दोघे एकाच बाकावर बसून आपापल्या अडचणी एकमेकांस सांगत होते, हें पाहून मी चकित झालों. आमच्या पेठेंतील दोन छापखानेवाले एका पंगतीस बसत नसत!

ही चाल तेथें जुनी आहे. ट्रान्झिस्टरच्या शोधांत ज्यांचा भाग होता, त्या शॉक्ले यांनीं याच गांवीं प्रयोगशाळा काढली होती. १९५७ सालीं तेथील आठ तरुण त्यांस सोडून गेले व त्यांनीं फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी उभी केली. पुढें १९६८ सालीं त्यांपैकीं नॉइस व मूर हे दोघे तीही सोडून निघाले आणि इंटेल निघाली. अशा फुटून निघालेल्या मंडळींची बैठक मिडलफील्ड रस्त्यावरील ‘वॉकर्स वॅगन व्हील’ नांवाच्या जागीं भरे. तेथें जेवण मिळे, मद्यही मिळे. (त्या दुसऱ्या भागाची मी शिफारस करीत नाहीं.) चिप बनवितांना कोणाचें काय बिघडलें, तें कसें सुधारलें, कोठें माणसें हवीं आहेत, हें सारें तेथील टेबलांवर बोललें जाई. २००३ सालीं ती इमारत पाडण्यांत आली.

या मोकळेपणास कायद्याचाही आधार आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे काम करणार नाहीं, असा करार नोकराकडून लिहून घेतला तरी कॅलिफोर्नियांत तो सहसा चालत नाहीं. या नियमाचें मूळ १८७२ सालच्या कायद्यांत आहे. धंद्याचें गुपित मात्र फोडतां येत नाहीं. त्यामुळें बोलतां बोलतां एखादा गृहस्थ एकदम हसतो व पाण्याचा पेला उचलतो. मग ती गोष्ट तेथेंच सोडावयाची, हें सर्वांस कळतें.

आतां आम्ही तेथें कां गेलों, तें सांगतों. पुतण्याची नोकरी गेली होती. कंपनीनें माणसें कमी केलीं, त्यांत हाही सांपडला. तो ज्या एच-१बी व्हिसावर राहतो, त्याचा नियम असा कीं नोकरी सुटल्यापासून फार तर ६० दिवस मिळतात. तेवढ्यांत नव्या मालकानें सरकारकडे अर्ज करावा, नाहीं तर बहुधा देश सोडावा. तो दिवस एक्केचाळिसावा होता. मुलीची शाळा तेथली, घराचें भाडें तेथलें.

आणि हा मुलगा मुकाट्यानें भात खात बसला होता! दोष माझाच. आमच्या वाड्यांत वाढलेल्या मुलांस, जेवतांना बोलूं नये व स्वतःविषयीं तर मुळींच बोलूं नये, ही शिस्त मींच लावली. एकदां पानावर बडबड केल्याबद्दल यासच मीं उठवून उभें केलें होतें. पंधरा मिनिटें गेलीं. शेवटीं मला राहवेना. मीं हळूच म्हटलें, “अरे, बोल ना. आज मी रागावत नाहीं.”

“काका, इतक्या लोकांत नोकरी मागायची?” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तरी तो बोलला. कोणी हळहळलें नाहीं. समोरचे चिनी गृहस्थ म्हणाले कीं आपलीही नोकरी दोनदां गेली आहे. आणि लगेच विचारूं लागले, तुमचें काम नेमकें कोणतें? माहिती अनेक यंत्रांवर वांटून ठेविली असतां एक यंत्र बंद पडलें तरी हिशेब चुकूं नये, अशा कांहीं विद्येंतील तें काम. पुतण्यानें कागदी रुमालावर आकृति काढली. एका बाईनें ती खोडून दुसरी काढली. यानें तिचा दोष दाखविला. विषय मला कळला नाहीं, पण पूर्वपक्ष व उत्तरपक्ष मला कळतात. मुलगा हरत नव्हता. उठतांना त्या बाईनें त्याचा फोन नंबर घेतला.

चार दिवसांनीं तिच्या कंपनीचें बोलावणें आलें, आणि त्रेपन्नाव्या दिवशीं कागद सरकारांत गेले. त्याच टेबलावर चार महिन्यांपासून येणारा एक तरुण होता. मी निघेपर्यंत त्याचें कांहीं जमलें नव्हतें.

त्या गुरुवारीं रात्रीं सूनबाईनें पुतण्यास विचारलें, “तिथे जेवलात काय?” त्यास कांहीं केल्या आठवेना. मला आठवत होतें. अर्धा भात त्यानें पानांत तसाच टाकला होता. पण मीं तें सांगितलें नाहीं.