गाठीमागे एक रुपया

वऱ्हाडातला माणूस पोटासाठी मुंबईला फारसा गेला नाही. गेला तो कापूस.

माणसाला गिरणीतच खपायचं होतं तर नागपूरची एम्प्रेस होती, १८७७ पासूनची. जवळ पुलगाव होतं, हिंगणघाट होतं. पण नांदगाव खंडेश्वरच्या काळ्या रानात दिवाळीच्या सुमारास फुटलेलं बोंड मात्र थेट समुद्रापर्यंत जायचं. बाया ओटी बांधून पऱ्हाटीत शिरायच्या, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं ओरखडून निघायची, ओटी भरली की धुऱ्यावरच्या ढिगात रिकामी व्हायची. मग बंडी, मग बडनेरा नाही तर धामणगाव. जिनात सरकी वेगळी, रुई वेगळी. प्रेसमध्ये रुईची गाठ बांधली जायची आणि गाठ आगगाडीत चढली की तिचा आमच्याशी संबंध संपला, असं आम्ही धरून चालायचो. अमेरिकेतल्या १८६१ ते ६५ च्या यादवीनं या रुईला सोन्याचा भाव आणला, १८६७ साली रेल्वे नागपूरला टेकली, आणि तेव्हापासून वऱ्हाडाचा चेहरा पश्चिमेकडं वळला तो वळलाच.

त्या गाठींनी तिकडं एक अख्खी वस्ती उभी केली, हे इकडं कुणी सांगितलं नाही.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत गिरण्या भरभरून चालत होत्या आणि कामगाराला पाठ टेकायला जागा नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइडनं १९२० साली एक खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा मनसुबा. पैसा कुठून आणायचा? तर शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया जकात बसवली. कागदोपत्री तो रुपया व्यापाऱ्यानं भरला. पण व्यापारी खिशातून देत नसतो, तो भावातून कापतो. हे आमच्याकडं बाजार समितीच्या ओट्यावर बसलेलं लहान पोरही सांगेल. म्हणून मला वाटतं, वरळीच्या, नायगावच्या, डिलाइल रोडच्या त्या राखाडी भिंतींत थोडी आमची काळी मातीही कालवलेली आहे. खोली मागायचा हक्क आम्हाला नाही. रडायचा असावा.

पन्नास हजारांचं स्वप्न सोळा-साडेसोळा हजार खोल्यांवर आटोपलं. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा दारं, टोकाला सामायिक संडास. पॅसेजमध्ये भर दुपारी दिवा लावायची वेळ. खोली १६० चौरस फुटांची. काँक्रीट त्या काळी नवलाईचं होतं आणि साहेबानं ते उदार हातानं वापरलं. उजेड-वारा मात्र हात राखून दिला. भाडं परवडेना, वरळी गिरण्यांपासून लांब पडे, म्हणून कितीतरी चाळी सुरुवातीला वर्षानुवर्षं ओस राहिल्या. याच खात्याच्या बॅकबे भरावातला गोंधळ के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला आणि लोकांनी त्याला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हटलं. कापूस पिकवणाऱ्याच्या पदरचा रुपया असा रिकाम्या खोल्यांत पडून होता.

पुढं त्या भरल्या, आणि अशा भरल्या की मुंगीला वाट मिळेना. कोकणातून, घाटावरून माणसं आली. गावकीनं एखादी खोली धरायची आणि गावातला जो कुणी नोकरीला येईल त्याची वळकटी तिथं पडायची. भिंतीभर खुंट्या, ज्याची त्याची खुंटी ठरलेली. खाली ट्रंका एकीवर एक. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच्या उबदार जागेवर रातपाळीवाला लवंडणार. जेवण खानावळीतल्या बाईकडं, हिशेब पगाराच्या दिवशी. गावाकडच्या शिमग्याला, गणपतीला खोली रिकामी व्हायची आणि पुन्हा भरायची. मग बायका आल्या, पोरं झाली. पॅसेज हेच अंगण झालं, तिथंच पापड वाळले, तिथंच अभ्यास झाले, नवरीला हळद तिथंच लागली. आमच्याकडं दारापुढं सारवलेलं अंगण असतं, आभाळ मोकळं असतं, तरी शेजाऱ्याशी बांधावरून बोलणं बंद असतं. त्या पॅसेजमध्ये भांडायला सुद्धा लांब जाता येत नसे.

फार गोड करून सांगायला नको. १९७४ च्या जानेवारीत याच वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, दगड एका चाळीवरून दुसऱ्या चाळीवर गेले, माणसं मेली. एका छपराखाली राहणं म्हणजे एका पंगतीत बसणं नव्हे. वस्ती आपल्या गावांसारखीच होती, गावातली जात तिनं ट्रंकेत घालून बरोबर आणली होती.

आणि १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. तो संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. भोंगे थांबले, चिमण्या उरल्या, मग चिमण्याही एकेक करून गेल्या. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आले. आमच्याकडं तेव्हा सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रांपुढं बंड्यांच्या रांगा लागत होत्या आणि चुकाऱ्यासाठी चपला झिजत होत्या. दोन टोकांची माणसं एकाच धाग्यावर होती. कातणारा एका टोकाला तुटला, पिकवणारा दुसऱ्या टोकाला कुरतडला जात राहिला. एकानं दुसऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

एकदा मात्र गिरणगाव उलट्या गाडीनं आमच्याकडं आलं होतं. मुंबईतल्या फिनले मिलचं नाव घेऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं अचलपूरला गिरणी उभारली. कापूस जिथं पिकतो तिथंच सूत निघणार, याचं जिल्ह्याला केवढं अप्रूप! २०२० च्या टाळेबंदीत ती बंद पडली. तिच्या फाटकापुढं कामगारांनी दिलेल्या घोषणा लालबाग-परळच्या माणसाला नव्यानं शिकाव्या लागल्या नसत्या.

आता मुंबईतल्या त्या चाळींचा नवा जन्म चालू आहे. म्हाडानं कामाला हात घातला, २०१७ साली भूमिपूजन झालं, मग बरीच वर्षं बैठका आणि अविश्वास. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातात किल्ल्या पडल्या. चाळीस मजली इमारती, ५०० चौरस फुटांचं घर, स्वतःचा संडास, मालकी हक्क. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला यात खोट काढून दाखवणं हा रिकामटेकडेपणा आहे. रात्री संडासच्या रांगेत उभं राहिलेल्या म्हातारीपुढं ‘चाळसंस्कृती’ हा शब्द काढून पाहावा. माझं दुःख चाळ पडण्याचं नाही. गिरणगाव असं उसवत गेलं की गिरणी आधी गेली, कामगार मग गेला, आणि घर सगळ्यात शेवटी मिळालं, तेही पोराच्या, नातवाच्या नावावर. ज्यानं मागितलं तो खुंटीला सदरा अडकवूनच गेला. सरकारनं २०२२ साली शिवडी सोडून बाकीच्या तिन्ही वसाहतींना तीन पुढाऱ्यांची नावं देऊन टाकली. सूत कातणाऱ्याचं नाव त्या यादीत नाही, कापूस वेचणारीचं तर कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. लोक अजून बीडीडीच म्हणतात, हा त्यातल्या त्यात दिलासा. म्हणजे ज्यानं रुपया घेतला त्या खात्याचं तरी नाव राहिलं!

शिवडीच्या बारा चाळी मागे पडल्या आहेत. जागा पोर्ट ट्रस्टची, त्यामुळे कागद पुढं सरकायला अडचण. गंमत अशी की आमच्या गाठींशी सगळ्यात जवळचं नातं त्याच चाळींचं. कापसाची वखार शेजारी होती, आणि हार्बर लाइनवर शिवडीच्या लगतचं स्टेशन आजही कॉटन ग्रीन आहे. त्या चाळींचा नंबर लागेल तेव्हा लागो. तोवर कुणाला एखादी खोली आठवण म्हणून राखायची बुद्धी झालीच, तर तिथं खुंट्या ठेवाव्यात, ट्रंका ठेवाव्यात, आणि कोपऱ्यात रुईची एक गाठ. गाठ आम्ही नांदगावहून पाठवू. गाडीभाडं मात्र मुंबईनं द्यावं; आमचा रुपया आधीच गेलेला आहे.