दोन अपूर्णविराम

खासबागेत वीज गेल्याचं दिव्यावरून कळत नाही, कानावरून कळतं. मागांचा खडखडाट एकदम थांबतो आणि आपण एवढा वेळ किती मोठ्यानं बोलत होतो ते ध्यानात येतं. वडगाव, शहापूर, खासबाग हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. आमच्या बोळात या घरी माग, त्या घरी माग, आणि मधे मी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल असली कामं घेतो. कॉम्प्युटर जुना, असेंबल केलेला. त्यावर लिनक्स आणि माते नावाचा डेस्कटॉप.

बाहेर रस्त्यावर भाषांचा क्रम सरकार ठरवतं. पाटीवर वर कोण, खाली कोण, अक्षर केवढं, हे इथं साधं काम नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर तर दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड कायद्यानंच लागते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यावर बोलणारे माझ्याहून तयारीचे लोक गावात पुष्कळ आहेत. मी आपला पडद्यापुरतं बोलतो. तिथला क्रम माझ्या हातात आहे, आणि तो हातात आला तो ‘ल’पायी.

पत्रिकेचा कच्चा मजकूर मी प्लुमा नावाच्या साध्या एडिटरात घेतो. एकदा एक आजोबा नातीच्या पत्रिकेचा मजकूर तपासायला आले. चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावलं आणि म्हणाले, “हा ल आपला नव्हे.” खरंच नव्हता. मराठीचा ल पाकळ्यांचा; पडद्यावर होता तो हिंदी पुस्तकातला, दांडीचा. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल मुद्दाम नमूद केला, तो काही हौसेखातर नव्हे. ‘लक्ष्मी’, ‘लग्न’, ‘लोभ असावा’ अशा शब्दांनी भरलेल्या कागदावर दांडीचा ल पंगतीत परका माणूस बसल्यासारखा दिसतो.

फाँट बदलून पाहिले. फरक पडेना. गंमत म्हणजे फाँटात दोन्ही ल होते. चांगल्या देवनागरी फाँटात मराठीसाठीची वेगळी अक्षरं आत ठेवलेलीच असतात. मजकूर मराठी आहे असं कुणीतरी सांगितलं की ती बाहेर येतात. सांगायचं काम पॅन्गोचं. पडद्यावर अक्षरं मांडणारा हा भाग. माझी यंत्रणा तेव्हा इंग्रजीत होती, त्यामुळं देवनागरी दिसली की पॅन्गो स्वतःच अंदाज बांधायचा: हिंदी असणार. बाहेरगावचे पाहुणेही असाच अंदाज बांधतात. त्यांना चहा देऊन समजावता तरी येतं.

पॅन्गोलाही समजावता येतं, आणि तेही एका ओळीत. घरच्या फोल्डरात प्रोफाइल नावाची एक फाइल असते. नावाआधी ठिपका असतो म्हणून ती एरवी दिसत नाही. तिच्यात लँग्वेज असं लिहून पुढं भाषांची लघुरूपं द्यायची, मधे अपूर्णविराम: एमआर, केएन, ईएन. मराठी, मग कन्नड, मग इंग्रजी. लॉगआउट करून परत आत आलो. ल पाकळ्यांचा झाला होता.

पण ती ओळ तेवढ्यावर थांबणारी नव्हती. तीच ओळ मेनूलाही लागू होते. शब्दाचं मराठी भाषांतर असेल तर ते दाखव, नसेल तर कन्नडात शोध, तिथंही नसेल तर इंग्रजी. आता मेनू उघडला की वरपासून मराठी, मराठी, मधेच एक ओळ कन्नड, पुन्हा मराठी, तळाशी कुठंतरी इंग्रजी. पहिल्यांदा बघून हसूच आलं. आमच्या गल्लीत नळाला पाणी आल्यावर जे बोलणं चालतं ते हुबेहूब असंच असतं, आणि ते कुणाला खटकत नाही.

हे मराठी शब्द आले कुठून, हाही भाग सांगायला हवा. २०११ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली आणि जुनी पट्टी, जुने मेनू गेले. अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याला ते रुचलं नाही. मूळ आज्ञावली खुली असल्यामुळं त्यानं दुसरी आवृत्ती उचलून वेगळी चालवली, तीच माते. तिच्याबरोबर जुनी भाषांतरंही आली. पुण्यात रेड हॅटच्या कचेरीत बसून आणि घरी रात्री जागून ज्यांनी ती केली, त्यांचे शब्द अजून माझ्या पडद्यावर कामाला आहेत. काही फार संस्कृत वळणाचे आहेत, मला स्वतःला पटत नाहीत. पण आहेत.

कळफलकाचं मात्र आधीच कुणीतरी नीट करून ठेवलंय. १९८६ ची इन्स्क्रिप्ट रचना सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. ‘के’च्या कळीवर क, शिफ्टबरोबर ख, मराठीत असो वा कन्नडात. ‘एन’वर ल, शिफ्टबरोबर ळ. आमच्याकडं पत्रिका एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड अशी पुष्कळदा निघते. भाषा बदलायला कॅप्सलॉक दाबायचं, बोटं तशीच चालू ठेवायची. हिंदीत क्वचितच लागणारा ळ मराठी-कन्नड दोघांनाही पानोपानी लागतो, आणि तो एकाच कळीवर बसलाय.

परवा ऐन कामात वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मशीन सुरू झालं तर वरची पट्टीच गायब. मेनू नाही, घड्याळ नाही, नुसता निळा पडदा. माग अजून बंद म्हणून शेजारचे अण्णा दारात येऊन टेकले. उभा जन्म त्यांनी जॉबरकीत, म्हणजे माग दुरुस्त करण्यात, काढला. धोटा कुठं अडतो हे आवाजावरून सांगतात.

“काय करूलालास?”

“पट्टी गेलीय अण्णा, बसवतो.”

माते आपली सगळी मांडणी डीकॉन्फ नावाच्या कोठारात ठेवतो, आणि ते कोठार साध्या मजकुरात उतरवून ठेवता येतं. मी तसं ठेवलेलं होतं. कंट्रोल, ऑल्ट, टी दाबून काळी खिडकी उघडली, तो मजकूर अण्णांना दाखवला: पट्टी वर की खाली, उंची किती, घड्याळ कुठल्या टोकाला. मग एका आज्ञेत तो परत आत घातला. पट्टी आली.

अण्णा वाकून बघत होते. “म्हणजे नटबोल्ट समदं बाहेरच हाय की! कंपनीचं सील न्हाई?”

“न्हाई.”

“मग बरं हाय.” आणि निघताना म्हणाले, “आमच्या नातवाच्या लॅपटॉपवर घालून दे.”

त्यांच्या घरी कन्नड बोलतात. संध्याकाळी नातू लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या ओळीत मी केएन आधी घातलं, एमआर नंतर, ईएन शेवटी. त्यानं मेनू उघडला. कन्नड, कन्नड, मधे एक मराठी शब्द. तो त्यानं मोठ्यानं वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, “हे असू दे काका. वॉलपेपरला आरसीबी लावायचं कुठनं, ते सांगा.”