‘इथे कापडी चालत नाही’

पाळणाघराच्या डायरीत लाल शाईने लिहिलेलं ते वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं : ‘बाळाला रॅश आहे. कृपया घरी स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.’ खाली सही आणि शिक्का. माझी लेक तेव्हा सव्वा वर्षाची होती. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत ती त्यांच्याच ताब्यात असायची. तिचा जागेपणीचा बहुतेक दिवस तिथे जायचा आणि अस्वच्छ ठरलं ते माझं घर. रिक्षात बसून मी ते वाक्य परत परत वाचलं होतं.

तिची कातडी पहिल्यापासून नाजूक. नवऱ्याला लहानपणी दमा होता, माझ्या बहिणीला इसब, त्यामुळे डॉक्टरांना नवल वाटलं नाही. गालांवर, कोपराच्या खोबणीत, गुडघ्यांच्या मागे कोरडे खरबरीत चट्टे यायचे. सुवासिक साबण बंद, लोकरीचं टोपरं थेट अंगाला लावायचं नाही, अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच क्रीम लावायचं, हे सगळं अंगवळणी पडलं होतं. पण वर्ष भरायच्या सुमारास डायपरच्या जागी जे सुरू झालं ते वेगळं होतं. कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि मांड्यांच्या कडेने लालबुंद पट्टे. रात्री खाजवून खाजवून सालटं निघायची. डायपरचे ब्रँड बदलून पाहिले. ज्याने त्याने काहीतरी सुचवलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने तर न विचारताच एक ट्यूब हातात ठेवली, ‘सगळे हेच नेतात’ म्हणत.

ती ट्यूब मी न उघडताच त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवली आणि त्या संतापल्या. एकाच मलमात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. वरून डायपर घट्ट बांधला की औषध कातडीत नेहमीपेक्षा जास्त मुरतं, म्हणून तान्ह्या मुलांना असलं काही परस्पर लावायचंच नाही, असं त्यांनी बजावलं. सरकारने २०१८ मध्ये कितीतरी स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती काउंटरवर सर्रास मिळतात. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत बाळाच्या कपाटात ती ट्यूब असते.

मग त्यांनी रॅश कुठे आहे ते नीट पाहिलं. कुठे आहे यालाच सगळं महत्त्व आहे, म्हणाल्या. शू आणि शीचा त्रास असेल तर फुगीर भाग लाल होतात आणि जांघेच्या घड्या बऱ्याचदा वाचतात. शीमधले जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात, कातडीचा आम्लपणा कमी होतो आणि शीमधली पाचक द्रव्यं कातडीलाच खायला लागतात. बुरशी असेल तर उलट घड्यांतच जास्त लाल दिसतं आणि आजूबाजूला बारीक पुटकुळ्या विखुरतात. आमच्याकडे जिथे इलॅस्टिक घासतं आणि चिकटपट्ट्या येतात, नेमके तिथेच पट्टे होते. याला लकी ल्यूकचं नाव दिलेलं आहे. कॉमिकमधला तो काउबॉय कमरेला पिस्तुलाचा पट्टा बांधतो, तिथेच हे चट्टे उठतात. बऱ्याचदा रबरातली किंवा गोंदातली रसायनं सोसत नाहीत. ‘कापडी वापरून बघा,’ त्या म्हणाल्या, ‘पण कापड ओलं राहतं. डायपरमधली पावडर ओल शोषून जेल करते, तसं कापडात होत नाही. वेळच्या वेळी बदलायला हवं.’ कापड म्हणजे हमखास इलाज असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आईने लगेच जुन्या मऊ धोतराचे लंगोट शिवून पाठवले. तान्ह्या बाळाला त्याहून चांगलं काही नाही हे मला मान्य आहे. पण ही पोरगी आता पळत होती. गाठ मारेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचलेली असायची आणि लंगोट पावलांपाशी. एवढ्या मोठ्या बाळाला टिचबटणांचे, आकार लहानमोठा करता येणारे कापडी डायपरच लागतात. बाहेर पाणी न झिरपू देणारं कव्हर आणि आत शोषणारं कापड, म्हणजे इन्सर्ट. मायक्रोफायबरचा इन्सर्ट थेट अंगाला लावायचा नाही, तो कातडीतली ओलही ओढून घेतो. इसबवाल्या बाळाला तर नाहीच. आम्ही सुती आणि हेम्पचे घेतले. ते नवे असताना पाणी नुसतं वरून ओघळतं, कारण धाग्यात नैसर्गिक तेल असतं. तीन-चार वेळा गरम पाण्यात धुऊन वाळवल्यावर ते शोषायला लागतात. हे माहीत नसल्यामुळे कितीजणी पहिल्याच आठवड्यात कंटाळून सोडून देतात.

धुण्यात मात्र खरी कसोटी. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. महापालिकेचं पाणी कमी पडलं की टँकर येतो. त्या पाण्यात क्षार इतके की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा पाण्यात साबण नीट निघत नाही, कापडात बसून राहतो आणि ओलं झालं की तोच कातडीला लागतो. म्हणून शी कमोडमध्ये जेटने सोडायची, इन्सर्ट आधी नुसत्या पाण्यातून काढायचा, मग मशीन, मग पुन्हा एकदा नुसतं पाणी. सुगंधी सॉफ्टनर अजिबात नाही, त्याने कापडाची शोषण्याची ताकद जाते. आणि वर ऊन. पुण्याचं फेब्रुवारीचं ऊन पडलं की दोन तासांत इन्सर्ट कडक वाळतो आणि त्यावरचा पिवळा डागही फिका होतो. जुलैत तोच हेम्पचा इन्सर्ट पंख्याखाली दुसऱ्या दिवशीही आतून दमट लागतो, त्याला कुबट वास येतो, आणि मग रात्री इस्त्री घेऊन बसावं लागतं. इस्त्री बहुतेक वेळा नवऱ्याने केली. हे सांगायला हवं, कारण या विषयावर मला जो कोणी काही बोललं ते फक्त मलाच बोललं.

पोरीला गंमत वाटली की त्रास झाला, ठरवणं अवघड आहे. ढुंगण जाड झाल्यामुळे पहिले दिवस ती पाय फाकवून चालायची. आणि तिला पहिल्यांदाच ओल कळली. आधीच्या डायपरमध्ये ती शू करून खेळत राहायची. आता मध्येच थांबायची, खाली बघायची, डायपर ओढायची आणि माझ्याकडे येऊन उभी राहायची. कमरेचे पट्टे फिकट होत गेले आणि मग गेले. गुडघ्यामागचे चट्टे होते तसेच राहिले, त्यांचा डायपरशी संबंधच नव्हता.

आता पाळणाघर. तिथला नियम असा की महिन्याच्या सुरुवातीला पालकांनी तयार डायपरची पाकिटं आणून द्यायची. मी पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना विचारलं, कापडी दिले तर? ‘इथे कापडी चालत नाही.’ मी म्हटलं, तुम्हाला काहीही धुवायचं नाही. ओला डायपर गुंडाळून चेनच्या पिशवीत टाकायचा, मी संध्याकाळी घरी नेईन. म्हणाल्या, वास येतो, बाकीचे पालक तक्रार करतात. मी समोरच्या डब्याकडे बोट दाखवलं. झाकण नसलेल्या त्या डब्यात सकाळपासूनचे सगळ्या मुलांचे डायपर पडलेले होते आणि त्यांचा वास खोलीभर होता. त्या म्हणाल्या, ‘ते वेगळं.’ मग म्हणाल्या, इन्फेक्शनचा प्रश्न आहे. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाल्या, ‘एवढी सेन्सिटिव्ह मुलगी आहे तर तुम्ही तिला घरीच का ठेवत नाही?’

या वाक्यावर मी महिनोन्‌महिने विचार केला आहे. नवरा माझ्या शेजारी उभा होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ‘तुम्ही’ म्हणजे मी. आमच्या कंपनीने याच पाळणाघराशी करार केला आहे. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊन यायची मुभाही दिली. माझं ऑफिस खराडीला आणि पाळणाघर सिंहगड रस्त्याला. एकदा जाऊन येण्यातच अर्धा दिवस मोडेल. कागदावर सोय झाली, आणि त्या सोयीने मला विचारलं की मुलगी घरी का ठेवत नाहीस. माझ्या पगारातून फी जाते. मी काही उपकार मागत नव्हते. ज्या देशात परवापरवापर्यंत एकूण एक मूल कापडी लंगोटात वाढलं, तिथे कापड अस्वच्छ कधीपासून झालं?

पण नंतर जे कळलं त्याने माझा राग जरा भलतीकडेच वळला. एका संध्याकाळी तिथल्या मावशी फाटकाशी भेटल्या. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, ‘ताई, तिला दिवसात दोनदाच बदलतो. तसं सांगितलंय. जास्ती लागले की पालक बोलतात, पाकीट एवढ्यात कसं संपलं म्हणून.’ माझ्या पोटात गोळा आला. साडेनऊ तासांत दोनदा. मी विचारलं, कापडी दिले तर तुम्हाला किळस येईल का? ‘माझी तिन्ही पोरं लंगोटातच वाढली. किळस कसली? पण हात धुवायला साबण तरी द्या म्हणावं. हातमोजे मागितले तर पुढच्या महिन्यात म्हणतात.’

तेव्हापासून मला पक्कं सांगता येत नाही की लेकीची कातडी कशाने सुधारली. इलॅस्टिक आणि गोंद गेल्यामुळे, की कापडाची ओल लपत नाही म्हणून सुट्टीच्या दिवसांत आम्ही तासा-दोन तासांनी बदलत राहिलो त्यामुळे? पट्टे जिथे होते ते पाहता डॉक्टरांचंच खरं वाटतं. पण तोच डायपर वेळेवर बदलला असता तर इतकं चिघळलं नसतं, हेही मला नाकारता येत नाही. म्हणून कापडाचा कैवार घेणाऱ्या बायका सगळा दोष तयार डायपरला देतात तेव्हा मी गप्प राहते. रात्री मी आजही तयार डायपरच घालते. बिनवासाचा, कमरेला सैल, पट्टीच्या जागी झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर देऊन. कापडी घातला की पहाटे तीनला चादर, दुपटं, पोरगी सगळं ओलं, आणि झोपमोड झाली की तिची खाज दुप्पट होते.

पर्यावरणासाठी केलंस ना, असं लोक कौतुकाने विचारतात. मी तिच्या कातडीसाठी केलं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात अडीच वर्षांच्या वापरात कापडी आणि तयार डायपरमुळे होणारं कार्बन उत्सर्जन जवळजवळ सारखंच निघालं होतं, तयारचं ५५० किलो आणि कापडीचं ५७०. खरा फरक धुण्यावाळवण्यात पडतो. विजेच्या ड्रायरऐवजी दोरी वापरली की कापडीचं पारडं जड होतं, आणि आमच्याकडे दोरीच असते. पण कचऱ्याचं मला आता जास्त लागतं. घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेले डायपर नीट गुंडाळून वेगळे द्यायचे असतात. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने त्या पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली, म्हणजे वेचणाऱ्या बाईला हात घालायच्या आधी कळावं आत काय आहे. आमच्या सोसायटीत ठिपका काढणारी घरं मोजकीच. रात्रीचा एक डायपर कागदात गुंडाळून मी त्यावर मार्करने ठिपका काढते. पाळणाघरातला तो उघडा डबा कोणाच्या हाताने रिकामा होतो, हे मात्र मी मावशींशी बोलेपर्यंत विचारलं नव्हतं. तिथे भांडायला गेले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त माझी पोरगी होती. आणि तेव्हा तेवढंच असणार, असंही मला वाटतं.

शेवटी त्यांनी परवानगी दिली ती एका कागदावर सही घेऊन : ‘कापडी डायपरमुळे रॅश झाल्यास पाळणाघर जबाबदार राहणार नाही.’ तयार डायपरमुळे झालेल्या रॅशला कोण जबाबदार, हे त्या कागदावर नव्हतं. सही केली. चिडून केली, पण केली. बदलण्याच्या वेळा डायरीत लिहायला लावल्या. दोनाचे चार झाले. डायपर कापडी असो वा तयार, या वेळा लिहून घ्या, असं मी आता प्रत्येकीला सांगते. आणि कापडी घ्यायचेच असतील तर आधी दोनच घ्या, बाळाच्या मांडीला इलॅस्टिक कुठे बसतं ते पाहा, चोवीसचा सेट कोणी कितीही स्वस्तात देवो.

गेल्या आठवड्यात लेकीच्याच गटातल्या एका मुलाच्या आईचा फोन आला. त्याच्याही कमरेवर तसेच पट्टे उठलेत, आणि तिलाही तेच उत्तर मिळालं, इथे कापडी चालत नाही. माझी परवानगी ‘विशेष बाब’ होती म्हणे. शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. तिच्या नवऱ्याला आणि माझ्या नवऱ्यालाही घेऊन. कापडी डायपरचं बोलू तेव्हा बोलू, आधी मावशींचा साबण आणि हातमोजे यांचं बोलायचं आहे. आणि त्या डब्याला झाकण हवं आहे.